खड्डा नंबर सतरा

आयुष्यात मी सरकारदरबारी शे-दीडशे अर्ज लिहिले असतील. त्यांतला एकच मंजूर झाला, आणि त्याचीच मला आजवर लाज वाटते.

इतवारीत आमची भांड्यांची ओळ. नागपुरात बाजाराच्या गल्लीला ओळ म्हणतात. दोन्ही बाजूंना समोरासमोर दुकानं, प्रत्येकापुढे गुडघाभर उंचीचा दगडी ओटा, ओट्यावर गादी आणि गादीवर गिऱ्हाईक. गिऱ्हाइकानं दुकानात शिरायचं नसे. त्यानं चपला काढून बाहेर बसायचं, पाणी प्यायचं, पोरीचं लग्न कुठे ठरलं ते सांगायचं, आणि आम्ही आतून एकेक पितळी पातेलं, गुंड, गंज, परात काढून त्याच्यापुढे मांडायची. भांड्यावर टिचकी मारली की ते वाजायचं. अशी शंभर भांडी एकदम वाजत असली की ओळ जागी आहे असं समजायचं.

माझ्या दुकानापुढे, ओट्यापासून चार पावलांवर कडुनिंबाचं झाड होतं, आणि झाडाखाली कल्हईवाल्याची भट्टी. भट्टी म्हणजे काय, तर जमिनीत खणलेला दोन फूट रुंद खड्डा. बाजूला कातडी भाता, आणि भात्याची नळी मातीखालून थेट निखाऱ्याच्या पोटात गेलेली. माती वारा धरून ठेवते, म्हणून आच खालून सारखी लागते. हे ज्ञान मला पुढे फार उशिरा झालं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की त्याच खड्ड्यावर त्याच्या आज्यानं कल्हई केली, बापानं केली, आणि आता तो करतो. मी त्याला बाबा म्हणायचो. भाता ओढायची त्याची बायको. ती मावशी. बाबा दिवसाला दहा वाक्यं बोलायचा. उरलेली सगळी मावशी बोलायची.

आमच्या ओळीत एक रीत होती. नवं पितळी भांडं कल्हई केल्याशिवाय दुकानाबाहेर जायचं नाही. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं तर ते कळकतं, हिरवं होतं, पोटात गेलं तर माणूस आडवा होतो. म्हणून आंदणाची भांडी घेतली की मुलीचा बाप कडुनिंबाखाली येऊन बसे. बाबा भांडं तापवून नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, कथिलाची कांडी एकदा फिरायची, कापसाचा बोळा एकदा, आणि काळवंडलेलं पातेलं आतून चंद्रासारखं निघायचं. ते थंड झालं की त्यात पाणी ओतून पहिले दोन घोट बाबानं प्यायचे. मग मुलीच्या बापानं.

"घ्या," बाबा म्हणायचा, "मी पेलो. अजून जित्ता आहो."

हीच आमची गॅरंटी. कागद नाही, शिक्का नाही. कन्हानपासून मौद्यापर्यंतची माणसं या दोन घोटांसाठी आमच्या ओळीत येत, आणि मी त्या घोटांवर दुकान चालवत असे.

आता माझ्या अर्जाकडे येतो.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. सीताबर्डीला काचेची दुकानं झाली होती, आणि आमच्या ओळीत पावसाळ्यात सायकल घातली तर ती एका खड्ड्यातून दुसऱ्यात आपोआप जायची. ओळीनं ठरवलं की आपण सुधारणेसाठी अर्ज करावा. लिहिणार कोण? मी. कारण मी ओळीच्या गणपतीत दरवर्षी नाटक बसवायचो आणि राजाचं काम स्वतःकडे ठेवायचो. राजाला भाषणं करायची सवय असते. मी चार पानं लिहिली. 'मायबाप सरकार' अशी सुरुवात केली आणि पुढे मला आवरलंच नाही. 'या ओळीत पाऊल ठेवावे तिथे खड्डा आहे. मोठे आहेत, छोटे आहेत, गोल आहेत, चौकोनी आहेत. आमची एकच विनंती, एकही खड्डा शिल्लक ठेवू नये.'

हे शेवटचं वाक्य मी ओट्यावर उभा राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. बाबानंही कथिलाची कांडी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. ते मला अजून दिसतं.

दोन वर्षं काही झालं नाही. म्हणजे सगळं रीतसर चाललं होतं. आणि एक दिवस बातमी आली की जुन्या बाजाराचं रूप पालटायची योजना मंजूर झाली. कचेरीत नकाशा लावला होता, तो पाहायला आम्ही घोळक्यानं गेलो. काय नकाशा! आमचीच ओळ, पण स्वर्गात नेऊन ठेवलेली. सिमेंटचा गुळगुळीत रस्ता, बसायला बाकं, मध्ये कारंजं, हातात पर्स घेतलेल्या बायका. भांडं मात्र एकही नव्हतं. मी म्हटलं, चित्रकार दमला असेल.

मग मोजणी आली. वैशाखातली दुपार होती. नागपूरच्या वैशाखात दुपारी एक ते चार आमची ओळ झोपते. दुकानांना वाळ्याच्या ओल्या ताट्या लावलेल्या, भट्टी विझलेली, तिच्यावर पोतं टाकलेलं, बाबा आणि मावशी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत पडलेली. बाजार काय आहे हे बघायला याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती, पण त्यांनी शोधली. मी गादीवर आडवा होतो. ताटीच्या फटीतून एक डोळा उघडून पाहिलं, तर टोपीखाली रुमाल बांधलेले दोघं फीत घेऊन फिरत होते. एकानं पोतं उचललं, वाकून खड्ड्यात पाहिलं, फीत आडवी-उभी धरली आणि चुन्यानं काहीतरी लिहिलं. मला वाटलं, काय कामसू माणसं आहेत! आणि मी कूस बदलली.

संध्याकाळी पाहिलं तर भट्टीच्या कडेला पांढऱ्या चुन्यानं सतरा आकडा. बाबानं विचारलं, "हे काय होय, शेटजी?"

"नंबर आहे, बाबा. सगळ्यांनाच दिलाय. माझ्या ओट्यालाही आहे."

"म्हंजे आपली बी नोंद झाली म्हणा."

"झाली तर! आता तुम्ही सरकारी झालात."

मावशी हसली नाही. "भाऊ," ती म्हणाली, "सरकार ज्याले नंबर देते, त्याले घेऊन जाते."

काम सुरू झालं तेव्हा बाबा आणि मावशी एका लग्नाला मौद्याकडे गेली होती. सकाळी रोलर आला. ओळीच्या तोंडाशी मी त्याची पूजा केली. हार घातला, नारळ फोडला, ड्रायव्हरला पेढा भरवला आणि छोटंसं भाषणही केलं. दहा मिनिटांचं. भाषण संपवून टाळ्यांसाठी थांबलो, मागे वळलो, तर मजूर कडुनिंबाखाली उभे राहून जमीन चोपत होते. मी धावलो. पोचेपर्यंत खड्डा सपाट. भात्याची नळी मुरुमाखाली गेली होती, भाता तेवढा झाडाला टेकवून ठेवलेला.

"अरे, हे काय केलंत?"

"सतरा नंबर झाला, शेटजी," मजूर घाम पुसत म्हणाला. "आता अठरावर जातो."

तिसऱ्या दिवशी बाबा आला. त्यानं भाता उचलला, झाडाभोवती एक फेरी मारली, आणि जिथे भट्टी होती तिथे बरोबर उकिडवा बसला. मावशी बोलली.

"भाऊ, तुमी अथीच होते न?"

"होतो."

"का करून राहिले होते?"

"भाषण," मी म्हटलं.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली.

मी छातीवर हात ठेवून सांगितलं की चूक माझी आहे, आठ दिवसांत भट्टी परत मिळवून देतो. आठ दिवस म्हणताना मी राजाच्या आवाजात म्हटलं. त्या आवाजानं पुढचं वर्षभर मला रडवलं.

कचेरीत आमचं काम एका ओव्हरसियरकडे होतं. गोल चेहऱ्याचा, पानाचा शौकीन, स्वभावानं गोड माणूस. त्याच्या गोडव्यानंच जास्त संताप यायचा.

"साहेब, तो खड्डा नव्हता. भट्टी होती."

"तुमच्या अर्जात तं तसं नाही लिहिलं."

"अर्जात मी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल लिहिलं होतं."

"रस्त्यावरच होता न थो?"

"रस्त्याच्या कडेला होता."

"कड बी रस्त्याचीच असते न, भाऊ. का हवेची असते?"

त्यानं जाडजूड वही काढली. "हे पाहा. सतरा नंबर. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट खोल. भरला, दाबला, सपाट केला. खाली माही सही, वर मोठ्या साहेबाची. आता तुमी म्हणता थो खड्डाच नव्हता. मंग आमी बुजवलं काय?"

"भट्टी बुजवली!"

"भट्टी बुजवाची तं आमाले परमिशनच नाही," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून थो खड्डाच होता. समजून घ्या. चहा घेता का?"

मी चहा घेतला. त्या वर्षात मी तिथे इतका चहा प्यालो की माझ्यासाठी कप वेगळा ठेवला होता. दर खेपेला माझा मुद्दा बरोबर असायचा आणि दर खेपेला मी हरून यायचो. एकदा म्हटलं, ठीक, खड्डा तर खड्डा. मला नवा खणायची परवानगी द्या. तर नवा रस्ता पाच वर्षं खणता येत नाही. अगदी दोन फूटही? दोन इंचही नाही. मग त्यानं आनंदानं टेबलावर थाप मारली. "भाऊ, तुमचा कारागीर कायले उन्हात बसते? आपल्या योजनेतल्या नव्या इमारतीत कारागिरायसाठी गाळे हायेत. त्याचं नाव टाकून देतो. पंखा बी हाय!"

गाळा मिळाला. पहिल्या मजल्यावर.

मी बाबाला जिन्यानं वर नेलं. फरशी चकचकीत, भिंती पांढऱ्या, खिडकीतून कडुनिंबाचा शेंडा दिसत होता. बाबानं बोटानं फरशी वाजवून पाहिली, आम्ही भांडं वाजवतो तशी. मग माझ्याकडे पाहिलं.

"शेटजी, इथं कुदळ मारली तं मी कुठं निघीन?"

"खालच्या कापडवाल्याच्या डोक्यावर," मावशी म्हणाली.

तरी त्यानं प्रयत्न केला, माझ्या शब्दाखातर. मोठी लोखंडी शेगडी आणली, तिला भाता जोडला. वारा चहूकडून निसटायचा. आच एकाच बाजूला लागायची, भांडं एकीकडे लाल आणि दुसरीकडे गार, आणि कथील पसरायच्या ऐवजी मोहरीसारखं गोळ्या होऊन बसायचं. नवसागराचा धूर पंख्यानं सगळ्या मजल्यावर वाटला. चार दिवसांत कापडवाले, शिंपी, घड्याळवाला, सगळे खोकत माझ्या दुकानात तक्रार घेऊन आले. पाचव्या दिवशी बाबानं शेगडी उतरवली. त्या दिवसांतली दोन पातेली त्यानं गिऱ्हाइकाला दिली नाहीत. "याच्यातलं पाणी मी नाही पेणार," एवढंच म्हणाला.

मग मी मर्दुमकी केली. रस्ता सरकारचा, पण दुकान तर माझं! दुकानाच्या दर्शनी भागातल्या दोन शहाबादी फरश्या उचलल्या, खालची माती मोकळी केली आणि बाबाला म्हटलं, बसा. भट्टी लागली, भाता चालला, आच बरोबर मिळाली, कल्हई पूर्वीसारखी उतरली. मला वाटलं, जिंकलो. पण उघड्यावर जो धूर कडुनिंबातून वर निघून जायचा, तो आता माझ्या छताला टेकून खाली उतरू लागला. गिऱ्हाईक डोळे पुसत भाव करायचं. एक बाई तर रडत रडत परात घेऊन गेली, आणि समोरच्या तांबटानं ओळभर सांगितलं की माझे भाव ऐकून लोक आता रडायला लागले. पंधरा दिवस मी दम धरला. एका सकाळी आलो तर बाबा आधीच येऊन बसला होता. खड्डा त्यानं स्वतः भरला होता, दोन्ही फरश्या जागेवर बसवल्या होत्या, आणि वरून ओल्या फडक्यानं पुसत होता.

"बाबा, हे काहून केलं?"

"तुमचा खड्डा होय, शेटजी. मी बुजवला. याले काय अर्ज लागते?"

त्याच दिवशी त्यानं भाता सायकलला बांधला. कन्हानचा आठवडी बाजार, मौद्याचा आठवडी बाजार, मधली गावं. जिथे माती दिसेल तिथे खणायचं, दिवस भरला की बुजवून पुढे जायचं. मावशी मागच्या कॅरिअरवर कथिलाची पेटी मांडीवर घेऊन बसली. जाताना मला म्हणाली, "भाऊ, नाटकात या बारीले राजा नका बनू. हवालदार बना. त्याले बोलाले कमी असते."

ओळीचं रूप मात्र पालटलं. ओटे गेले, कारण ते अतिक्रमण होते. त्यांच्या जागी सिमेंटची बाकं आली. नागपूरच्या उन्हात त्या बाकांवर बसलेला एक माणूस मी पाहिला. तो बाहेरगावचा होता आणि लगेच उठला. कारंज्याला एकदाच पाणी आलं, उद्घाटनाच्या दिवशी, तेही टँकरनं. आता गिऱ्हाईक उभ्यानं यायचं, उभ्यानं विचारायचं, उभ्यानं जायचं. पितळी पातेल्याला हात लावून म्हणायचं, "कल्हईचं काय?" मी म्हणायचो, मौद्याला बुधवारी एक माणूस असतो. गिऱ्हाईक माझ्याकडे असं पाही, जसं मी त्याला चंद्रावर पाठवतोय. मग ते स्टीलच्या दुकानात शिरायचं. स्टीलला कल्हई लागत नाही, आणि त्यातलं पाणी आधी कुणी प्यावं अशी रीतही नाही. स्टील तसंही आलंच असतं, हे मला कळत होतं. पण आम्ही त्याला रस्ता करून दिला, तोही सिमेंटचा.

मीही दुकानाच्या अर्ध्या भागात स्टील ठेवलं. टिचकी मारली की ते वाजतं, नाही असं नाही. पण त्या आवाजात माझ्या आजोबांना काही ऐकू आलं नसतं.

पाच वर्षं न खणायचा तो रस्ता दीड वर्षात खणला गेला. पाण्याची मोठी नळी टाकायची होती, आणि ते काम दुसऱ्या कचेरीचं. त्यांना कुणाची परवानगी लागत नाही असं दिसलं, निदान मला तरी कुणी विचारलं नाही. ओळीच्या मधोमध, थेट माझ्या दुकानापुढून कमरेइतका चर गेला. एका बाजूला मातीचा ढीग. नळ्या येईपर्यंत काम थांबलं. नळ्या येईनात. दिवाळी पंधरा दिवसांवर आली.

मी चरावर फळी टाकून दुकानात ये-जा करत होतो आणि तोंडात जे यायचं ते म्हणत होतो. एका सकाळी ओळखीचा फुसफुस आवाज आला. फळीवरून खाली पाहिलं. कडुनिंबाजवळ चर थोडा रुंद होता. तिथे तळाशी बाबानं भट्टी लावली होती. मावशी भाता ओढत होती. सायकल मातीच्या ढिगावर आडवी.

"शेटजी," बाबा खालून म्हणाला, "सरकारनं आपल्यासाठी मोठी खणली या बारीले."

"तुम्हाला कोणी उठवलं नाही?"

"कोण उठवन? आमी रस्त्यावर कुठं हाओ? रस्त्याच्या खाली हाओ."

दिवाळीच्या कल्हईला माणसं येऊ लागली. जुनी माणसं, ज्यांच्या घरी पितळ अजून होतं. ती फळीवर बसायची, पाय चरात सोडून. पहिल्यांदाच त्या नव्या ओळीत कुणीतरी निवांत बसलेलं मी पाहिलं. चार दिवसांत मी आतल्या खोलीतली पितळी भांडी पुन्हा पुढे आणली.

मग समोरचा तांबट आला, ओळीतली सगळी मंडळी मागे घेऊन. त्यांचंही चुकत नव्हतं. चरामुळे अर्धी गिऱ्हाइकं ओळीच्या तोंडावरूनच परत जात होती.

"अर्ज कर गा," तो मला म्हणाला. "कडक लिही. चर तुरंत बुजवा म्हणून. तू लिहिलं की होते, मागं पाह्यलं न आपण."

"लिहितो," मी म्हटलं.

"आजच."

"आजच बसतो."

आणि खरंच बसलो. कोरा कागद घेतला, वर 'मायबाप सरकार' लिहिलं. मग शाई वाळली. दुसऱ्या दिवशी कागदावर चहा सांडला. तिसऱ्या दिवशी मला शब्द सुचेना. मला, ज्यानं एका खड्ड्यावर चार पानं लिहिली होती. आठवडा गेला. तांबट रोज दारात येऊन विचारायचा, मी रोज नवं कारण काढायचो, आणि तो रोज थोडा जास्त ओरडायचा.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्याचं ओरडणं बाबानं चरातून ऐकलं. तांबट गेल्यावर त्यानं मान वर केली.

"शेटजी, अर्ज धाडला का?"

"लिहून राहिलो न, बाबा."

त्यानं नुकतंच उतरवलेलं पातेलं पाण्यात बुडवलं, ते चर्रकन बोललं. मग आत पाणी भरून दोन घोट प्याला आणि पातेलं हात उंच करून माझ्याकडे दिलं. मी फळीवर उकिडवा बसून उरलेलं प्यालो.

"आरामानं लिवा, भाऊ," मावशी भाता न थांबवता म्हणाली. "अक्षर चांगलं काढा. मांगच्या बारीले भलत्याच घाईत लिवलं होतं."